फणसाचे झाड आणि सरकारी लाकूडखरेदी

तंजावूरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. ‘एकांड’ वीणा तर एकाच अखंड ओंडक्यातून कोरली जाते. तेवढा ओंडका देणारे झाड वाढायला काही दशके लागतात. ते तोडायला एक दिवस पुरतो. वाढ आणि तोड यांचा हा विषम हिशेब कारागिराप्रमाणे राज्यकर्त्यालाही मांडावा लागतो. कारण जहाजे, पूल, इमारती यांसाठी राज्यसंस्थाच लाकडाचा मोठा ग्राहक ठरते.

तंजावूरला १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी भोसल्यांची सत्ता स्थापली. त्याच काळात त्यांचे सावत्र बंधू शिवाजी महाराज यांच्या आरमाराला कोकणात लाकूड लागत होते. त्या राज्याच्या अनुभवाचे सार रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास ‘आज्ञापत्रा’त नोंदविले. त्यातील नियम स्पष्ट आहे. सागासारखी अरण्यातील झाडे राजाच्या परवानगीने तोडावीत आणि कमी पडेल ते लाकूड परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचे. पण त्यांना हात लावू नये. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे. बळजोरी मुळीच करू नये.

धन्याची संमती आणि रास्त मोल म्हणजे आजच्या भाषेत खरेदीची कायदेशीरता. झाडाच्या वाढीच्या काळाचे भान म्हणजे शाश्वतता. मात्र या नियमाला एक मर्यादाही होती. परमुलखातून आणलेल्या लाकडाचा भार तिकडच्या अरण्यावर पडतो. आयात लाकडाबाबत आज जगभर विचारला जाणारा प्रश्न हाच आहे.

याच्या उलट उदाहरण मलबारचे. मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली जात. तिथला पुरवठा सुरळीत राहावा म्हणून कंपनी सरकारने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांना वनसंरक्षक नेमले आणि सागावर मक्तेदारी लादली. जमीनमालक व व्यापारी दुखावले. अखेर १८२३ मध्ये मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांच्या कारकिर्दीत ते पद रद्द झाले. तोडीला पर्याय लागवडीचा, हे उमगायला १८४० चे दशक उजाडले. तेव्हा कलेक्टर कॉनोली यांनी निलंबूर येथे सागाची लागवड सुरू केली.

स्वतंत्र भारतात केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये सरकारी इमारतींतील लाकूडवापरावर बंदी घातली. हेतू वनरक्षणाचा होता. पण लाकडाची जागा पोलाद, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकने घेतली. त्यांच्या निर्मितीला भरपूर ऊर्जा लागते. शिवाय, बांधावर झाडे लावणाऱ्या शेतकऱ्याचा एक मोठा ग्राहक गेला. २०२० मध्ये ही बंदी उठली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने भारतीय वन व काष्ठ प्रमाणीकरण योजना जाहीर केली. ती ऐच्छिक आहे.

वाटेल तेथून तोडणे किंवा खरेदीच थांबविणे, ही दोन्ही टोके अनुभवून झाली. लाकूड कोणाच्या जमिनीतले, मोल कोणाला मिळाले आणि त्या जागी पुन्हा काय उगवणार, हे तीन प्रश्न प्रत्येक सरकारी निविदेत असायला हवेत. त्यांतले पहिले दोन तीन शतकांपूर्वीच मराठीत लिहून ठेवलेले आहेत.