जांभा, चिरा आणि लॅटराइट

कोंकणांतील एखाद्या गवंड्याला ‘लॅटराइट’ म्हणजे काय असें विचारलें, तर तो बुचकळ्यांत पडेल. आणि ज्या भिंतीला तो टेकून बसला असेल, ती भिंत मात्र बहुधा त्याच दगडाची असेल. त्याच्याजवळ दोन शब्द आहेत. सड्यावर निसर्गतः असतो तो ‘जांभा’. खाणींतून मापानें कापून काढला, म्हणजे होतो तो ‘चिरा’. पहिला शब्द पदार्थाचा, दुसरा त्याच्या उपयोगाचा. या दोहोंची तो गल्लत करीत नाहीं. शास्त्राच्या हातून मात्र अशी गल्लत पुष्कळ वर्षें होत राहिली. तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

टिपू सुलतानाच्या पाडावानंतर, १८०० सालीं, गव्हर्नर जनरल वेलस्ली यानें फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टराला म्हैसूर, कानडा व मलबार या प्रांतांच्या पाहणीसाठीं पाठविलें. मलबारांत अंगाडिपुरमजवळ त्यानें एक तांबूस, सच्छिद्र दगड पाहिला. जमिनींत तो इतका मऊ, कीं लोखंडी हत्यारानें सहज कापावा. परंतु तुकडे उघड्या हवेंत ठेवले, कीं लवकरच ते विटेसारखे टणक होत. तिकडील भाषांत त्याला ‘विटेचा दगड’ अशाच अर्थाचें नांव होतें. बुकॅनननें तीच कल्पना लॅटिनमध्यें नेली. ‘लातेर’ म्हणजे वीट, त्यावरून ‘लॅटराइट’. १८०७ सालीं त्याचा प्रवासग्रंथ प्रसिद्ध झाला आणि शब्द भूशास्त्रांत रूढ झाला.

पुढें मात्र त्याचा अर्थ पसरत गेला. रसायनज्ञांनीं टणक होण्याचा गुण बाजूस सारून त्यांतील लोह व ॲल्युमिनियम यांकडे लक्ष दिलें. इतरांनीं उष्ण प्रदेशांतील तांबड्या मातीलाही तेंच नांव लाविलें. बांधणारा, धातु शोधणारा आणि जमीन कसणारा असे तिघेही एकच शब्द उच्चारूं लागले, आणि तिघांच्या मनांत वस्तु मात्र तीन! यांतून केवळ शाब्दिक घोटाळा झाला असें नव्हे. रान तोडलें कीं उष्ण प्रदेशांतील तांबडी जमीन विटेसारखी कठीण होईल, अशी भीति विसाव्या शतकांत अनेकांनीं बोलून दाखविली. वस्तुतः हा गुण त्यांपैकीं थोड्याच जमिनींचा आहे. नांव एक, म्हणून गुणही एक, असें मानलें गेलें.

अखेर १९६० सालीं अमेरिकन मृत्तिकाशास्त्रज्ञांनीं आपल्या नव्या वर्गीकरणांत, वारंवार ओली होऊन वाळल्यावर कायमची कठीण होणाऱ्या द्रव्यापुरता, ‘प्लिंथाइट’ असा वेगळा शब्द घेतला. ग्रीक भाषेंत ‘प्लिंथॉस’ म्हणजे वीटच! दीडशें वर्षांचा फेरा घालून शास्त्र पुन्हां खाणकामगाराच्या निरीक्षणापाशीं आलें.

श्रोतेहो, व्यवहारांतला शब्द अडाणी आणि शास्त्राचा तेवढा नेमका, असें आपण सहज धरून चालतों. पण नेमकेपणा शब्दाच्या परकेपणांत नसतो; तो कोणत्या प्रश्नासाठीं योजला आहे, हें न विसरण्यांत असतो. जांभा व चिरा निरनिराळे ठेवणाऱ्या गवंड्याला तें विसरून चालतच नाहीं.