वरदेचा तट आणि वऱ्हाडचं नाव

वऱ्हाड सुभ्याचं मूळ नाव ‘वरदातट’, असं अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त सांगतो. वरदा म्हणजे आजची वर्धा, तट म्हणजे काठ. फोड पटकन पटते. फ्रान्सने १७९० मध्ये जुने प्रांत मोडून नवे विभाग पाडले, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना नद्यांचीच नावं दिली. आपल्याकडे तर ही रीत सरकारी हुकमाशिवायच रुळली : गोदेकाठची गंगथडी, भीमेकाठची भीमथडी. पण शंका इथेच येते. लोकांनी नाव पाडलं असतं तर ते ‘वर्धाथडी’ झालं असतं. ‘वरदातट’ला पोथीचा वास आहे, नाव आधी रुळलं आणि फोड मागून बसवली, असं मला वाटतं. रुक्मिणीच्या लग्नाच्या वऱ्हाडावरून वऱ्हाड, ही कथाही त्याच कुळातली, फक्त जास्त गोड.

यावर कोणी म्हणेल, मोगलांनी वऱ्हाड १५९६ मध्ये घेतलं, अबुल फजल त्याच काळातला; त्याची साक्ष झटकायची कशी? महसुलाच्या बाबतीत मी ती झटकत नाही. त्याच ग्रंथात कळंबचं सरकार येतं, यवत-लोहाऱ्याचा परगणा येतो. यवता गाव, त्याला परगण्याच्या ठाण्याचा ‘महाल’ जोडला, आणि बोलता बोलता ‘महाल’चं ‘माळ’ झालं. यवतमाळ नावात माळरान शोधणाऱ्याला सापडते ती कचेरी. परगण्यांच्या याद्या दप्तरातून आल्या, व्युत्पत्ती मात्र ऐकीव; दोन्हींचं वजन सारखं धरता येत नाही.

शिवाय जुन्या साहित्यात आणि तहात ही नदी दिसते ती मुलूख तोडताना. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त विदर्भाचे दोन वाटे होतात, मधली हद्द वरदा. १८०३ च्या देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. बाभुळगाव, राळेगाव, वणीकडची काळी जमीन एका राज्यात, पलीकडची तशीच काळी जमीन दुसऱ्यात. हद्द म्हणजेच तट, तेव्हा नाव बरोबरच ठरतं, असाही युक्तिवाद होईल. पण थडी म्हणजे नदीकाठची पट्टी. वऱ्हाड तर पश्चिमेला पार बुलढाण्यापर्यंत पसरलेलं, आणि वर्धा त्याच्या फक्त पूर्व कडेला लागते.

१८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढलेला जिल्हा याच नदीच्या नावाने ओळखला जाऊ लागला, पण तो पूर्वेकडचा, भोसल्यांच्या बाजूचा. पश्चिमेला वणीवरून ओळखला जाणारा वऱ्हाडातला जिल्हा १९०५ मध्ये यवतमाळ झाला. नदीचं नाव पैलतीरी गेलं आणि अबुल फजलच्या तटावर राहिला महाल.