परकराची कळी

1843 साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला आले असताना त्यांना लोहमार्गाची कल्पना सुचली, अशी रेल्वेच्या इतिहासात नोंद आहे. भांडुपच्या चाळींत परकर शिवणाऱ्या बायकांची नोंद कोण ठेवणार?

आईच्या ट्रंकेतला एक पांढरा परकर मी उसवला. आठ कळ्या निघाल्या. जमिनीवर एक सुलटी, एक उलटी अशा मांडल्या, तर कापडाचे दोन अखंड तुकडे तयार झाले. कातरण शून्य!

हिशोब असा. कापडाचा पन्हा 36 इंच, परकराची उंची 38. अशा दोन लांब्या सरळ जोडल्या तर वरपासून खालपर्यंत घेर 70 इंच. कमरेला नुसता चुण्यांचा गोळा. त्याच कापडाच्या 18 इंची पट्ट्या तिरक्या कापल्या की प्रत्येकीतून वर 6 आणि खाली 12 इंचांच्या दोन कळ्या मिळतात. शिवणी वजा जाता नेफ्यापाशी 40 आणि खाली 88 इंच. कापड तेवढेच, पण पाऊल मोकळे पडते.

कळीला लोक नखरा समजतात. मला ती काटकसर वाटते. अंगरख्याचा घेर कळ्यांचाच. 1921 साली ग्रीनलंडमधल्या हेरयॉल्फस्नेसच्या दफनभूमीत पॉल नॉरलुंड यांना सापडलेल्या मध्ययुगीन झग्यांनाही बाजूंना अशाच कळ्या आहेत. काष्ट्याच्या नऊवारीला परकर लागत नव्हता. गोल पाचवारी आली आणि तो घरोघरी गेला. पण शालू-पैठणी जपल्या जातात, परकर फाटला की त्याचे फडके होते. म्हणून पुरावा सापडत नाही.

कळीची एक बाजू सरळ, दुसरी तिरपी. तिरपी बाजू ताणते, म्हणून ती शेजारणीच्या सरळ बाजूला जोडायची. दोन तिरप्या एकत्र आल्या की तिथे झोळ पडतो. आमच्या गल्लीतल्या वयस्क शिंप्याला मी कळ्या दाखवल्या. शिवणींच्या खुणा चाचपत तो म्हणाला, "ही एक पालथी लागली होती." कोऱ्या पांढऱ्या कापडाला सुलट-उलट कळत नाही. आईने तो रात्री, कामावरून आल्यावर शिवला असणार. तिचा परकर डाव्या बाजूला साडीखालून नेहमी बोटभर डोकावायचा, आणि आम्ही भावंडे तिला हसायचो.