सातारा-सांगलीचे जुने वाडे आणि मोहल्ले



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि राजघराण्यांच्या वंशावळी उभ्या राहतात. पाठ्यपुस्तकांतही त्यांनाच जागा मिळते. परंतु माणसाने आपले घर कसे बांधले, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून तो कसा राहिला, आपले दार त्याने कोणासाठी उघडले आणि कोणासाठी बंद ठेवले, हाही इतिहासच होय. हा इतिहास वाचण्यासाठी दूर जावे लागत नाही. सातारा, वाई, कऱ्हाड, मिरज, सांगली या गावांतून फिरताना जे थोडे जुने वाडे व मोहल्ले अजून उभे आहेत, ते डोळसपणे पाहिले तरी पुरे.

गावे कशी वसली

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढले. १७०८ साली छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथे झाला आणि गडाखालच्या उतारावर पेठा बसू लागल्या. सोमवार, मंगळवार, शनिवार अशा वारांच्या पेठा, तसेच यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा या पेठा आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. पुढे छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी शहराला राजवाडा, रस्ते आणि पाणी दिले. यवतेश्वरच्या बाजूचे पाणी खाली आणून ते शहरातील हौदांत सोडण्याची व्यवस्था झाली. मोती तळे, मंगळवार तळे, पंचपाळी हौद ही नावे आजही त्या काळच्या पाण्याची आठवण देतात. पेठ बसवायची म्हणजे आधी पाण्याची सोय करायची, हा त्या काळचा नियमच होता.

मिरजेचा इतिहास याहून जुना. बहामनी व आदिलशाही काळापासून हे किल्ल्याचे आणि बाजाराचे गाव. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याभोवती येथील जीवन गुंफले गेले. सांगली मात्र त्या मानाने नवी. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि १८०१ साली त्यांनी कृष्णाकाठच्या सांगलीस आपले ठाणे केले. गणेशदुर्ग, गणपती मंदिर आणि त्याभोवती गावभाग, पेठभाग, खणभाग, वखारभाग अशी वस्ती वाढत गेली. तिन्ही गावांचे जन्म वेगवेगळे. पण त्यांतील जुन्या घरांचा आराखडा पाहिला तर तो जवळजवळ एकच.

वाड्याची रचना

वाड्याच्या मध्यभागी उघडा चौक असतो आणि त्याच्या चारही बाजूंनी घर असते. रस्त्याच्या बाजूला भक्कम भिंत, लहान खिडक्या आणि एकच मोठा दरवाजा. त्या दरवाज्यात माणसापुरती लहान दिंडी. आत गेले की देवडी, देवडीतून चौक, चौकाकडे तोंड केलेली ओसरी आणि सोपा, त्यामागे माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परसू. चौकात किंवा परसात आड. भिंतीत दिवा ठेवायला कोनाडे, धान्य साठवायला बळद, आणि दाराला आतून भिंतीत सरकणारा लाकडी अडसर.

बांधणीत दगडी जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर लाकडी खांब आणि खांबांवर तुळया. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. घर किती मोठे, हे खणांवरून सांगत. 'पाच खणांचे घर' असे म्हटले की ऐकणाऱ्याला अंदाज येई. छपराचा भार मुख्यतः खांबांवर असे आणि जाड भिंत ऊन-पाऊस अडवी. दुपारी बाहेर उन्हाच्या झळा असल्या तरी सोप्यावर गारवा राहतो. चौकातील गरम हवा वर निघून जाते आणि जाड भिंती दिवसा तापायला व रात्री निवायला वेळ घेतात, हे त्याचे साधे कारण आहे.

मोठ्या वाड्याचा नमुना पाहायचा असेल तर वाईजवळ मेणवलीस जावे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नाना फडणिसांनी कृष्णेच्या काठी बांधलेला सहा चौकांचा वाडा आणि त्याचा घाट अजून उभा आहे. परंतु गरिबाच्या दोन खणी घरातही तेच तत्त्व होते. सहा चौक नसले तरी एक अंगण होते आणि अंगणाच्या कडेने संसार होता.

अशी घरे केवळ आपल्याकडेच होती असे नाही. मोहेंजोदडोच्या घरांत मध्यभागी अंगण होते आणि कित्येक घरांत विहीरही होती. इराकमधील प्राचीन ऊर नगरीत सुमारे चार हजार वर्षांपूर्वी लोक अशाच घरांत राहत. बगदाद आणि मोरोक्कोतील फेज येथील जुनी घरे रस्त्याकडे पाठ आणि चौकाकडे तोंड करून बसलेली आहेत. अहमदाबादेत तर एका फाटकाच्या आत अनेक घरांची पोळ असते. ते जुने शहर २०१७ साली जागतिक वारसा यादीत गेले. उष्ण प्रदेशात दाटीने राहणाऱ्या माणसांनी धर्म आणि भाषा यांचा भेद न करता एकच उत्तर शोधले, असे म्हणावे लागेल.

शब्दांची साक्ष

वाडा हिंदूंचा आणि हवेली मुसलमानांची, असा एक समज आपल्या मुलांत आढळतो. तो किती पोकळ आहे हे घराच्या भाषेवरूनच कळते. ओसरी, पडवी, माजघर, परसू, उंबरठा, तुळई हे शब्द मराठी मातीतले. दरवाजा, दिवाणखाना, कमान, तावदान, फरशी हे फारसीच्या वाटेने आले. इमारत, मजला, हौद यांचे मूळ अरबीत आहे. दिवाणखान्यातील नक्षीदार महिरप हा शब्द अरबी 'मिहराब'वरून आला. पेशव्यांच्या वाड्यातही महिरप होती आणि मुजावराच्या घरातही माजघर होते. गवंडी, सुतार, पाथरवट हे कारागीर दोन्हीकडे काम करीत. त्यांच्या हातचे तंत्र धर्म पाहून बदलत नव्हते.

कऱ्हाडच्या जुन्या मशिदीचे उंच मनोरे पाहा. आदिलशाहीत अली आदिलशहा पहिला याच्या काळात ही मशीद बांधली गेली. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरून आणि जुन्या पेठांतून हिंडणाऱ्या कऱ्हाडकराला ते मनोरे आपल्या गावाची खूण वाटतात. ते कोणाचे, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही.

मोहल्ल्याचा कारभार

वाडा हे एका कुटुंबाचे घर, तर मोहल्ला किंवा आळी हे अनेक कुटुंबांचे घर. बागवान, मोमीन, शिकलगार, अत्तार, तांबोळी ही आपल्यातील आडनावे मुळात धंद्यांची नावे आहेत आणि एका धंद्याची माणसे एका गल्लीत राहत. तोंडाशी अरुंद बोळ, आत मोकळी जागा, एक आड, एक झाड, एक प्रार्थनास्थळ किंवा पार. कोणाच्या घरी मयत झाली तर चूल शेजाऱ्याकडे पेटे. लग्नाचा मांडव सर्वांच्या अंगणात पडे. अनोळखी माणूस गल्लीत शिरला की चार घरांतून विचारणा होई. मूल आईचे असले तरी त्यावर नजर साऱ्या गल्लीची असे.

मोहल्ला ही कारागिराची शाळाही होती. मिरजेची सतारमेकर गल्ली हे याचे ठळक उदाहरण. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांचे दिवस सरल्यावर एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब यांनी तंतुवाद्ये बनविण्यास सुरुवात केली आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. पंढरपूर भागातून येणारे मोठे भोपळे, लाकूड, तारा यांतून येथे सतार व तंबोरे आकाराला आले. बाप ओसरीवर भोपळा तासतो आहे आणि मुलगा शेजारी बसून पाहतो आहे, अशा रीतीने ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर दर्ग्याच्या परिसरातच त्यांना दफन करण्यात आले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हा मान एका गल्लीने दीड शतकाच्या कष्टाने मिळविला आहे.

बंद दाराची दुसरी बाजू

येथवर गुणगान झाले. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकच बाजू सांगू नये. जो अडसर चोराला अडवीत होता, तोच अडसर आणखी पुष्कळ जणांना अडवीत होता. वाड्याच्या आडाचे पाणी दलितांना मिळत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण साताऱ्यात गेले. वर्गात एका कोपऱ्यात गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

दुसरा अडसर स्त्रियांचा. उच्चवर्णीय हिंदूंचे माजघर आणि आपल्याकडील जनाना यांत नावाखेरीज फारसा फरक नव्हता. चौकामुळे बाईला ऊन मिळाले, वारा मिळाला, सुरक्षितता मिळाली. परंतु दिंडी दरवाज्याबाहेरचे जग मिळाले नाही. मुलगी आत वाढली, आतच मोठी झाली आणि एका वाड्याच्या देवडीतून निघून दुसऱ्या वाड्याच्या देवडीत गेली. अक्षरओळख झाली तर ती धर्मग्रंथापुरती. आपल्या समाजाच्या मागासलेपणाची कारणे शोधताना हा अडसर विसरून चालणार नाही.

दार उघडणारे

सुदैवाने आपल्याच भागात हे दार उघडणारेही निर्माण झाले. सावित्रीबाई फुले सातारा जिल्ह्यातील नायगावच्या. आजारपणात माहेरी असताना १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या फातिमाचा जिव्हाळ्याने उल्लेख करतात. पुण्यात शाळेचे काम फातिमेवर पडले असेल, याची त्यांना काळजी आहे. आज आमच्या मुली ज्या वाटेने शाळेत येतात, त्या वाटेच्या आरंभी हे नाव आहे.

दुसरी गोष्ट साताऱ्याच्या राजवाड्याची. १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले. ज्या वास्तूत सामान्य माणसाला परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नव्हते, तेथे पुढे सरकारी हायस्कूल भरू लागले. याच शाळेत, आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांनी इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस 'विद्यार्थी दिवस' ठरविला आहे. शहरातला सर्वांत मोठा वाडा शाळा झाला आणि त्याचे दार त्या मुलासाठी उघडले, ज्याला गावचा आड बंद होता. माझ्या मते आपल्या भागातील वाड्यांच्या इतिहासातला हाच सर्वांत मोठा दिवस होय.

तिसरे नाव कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ पासून साताऱ्यात वसतिगृहाचे काम वाढविले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहिली, एकत्र स्वयंपाक करून एका पंक्तीला जेवली. जुन्या वाड्याचा एकोपा त्यांनी घेतला आणि अडसर तेवढा काढून टाकला.

आज काय उरले

आता हे वाडे झपाट्याने जात आहेत. कारणे सर्वांना ठाऊक आहेत. वारस वाढले, वाटण्या झाल्या, एका चौकात चार भिंती उठल्या. जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात डागडुजी निघेना. सागवानाला भाव आला. सांगलीच्या गावभागाने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. २०१९ साली आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. ४५ फूट ही तेथील धोक्याची पातळी आहे. मातीच्या भिंती इतके दिवस पाण्यात टिकत नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने दगडमातीच्या जड भिंतींचा धोकाही दाखवून दिला. त्यामुळे जुने ते सर्व जपा, असा हट्ट कोणी धरू नये. पडायला आलेल्या घरात लेकरांना ठेवणे शहाणपणाचे नाही.

पण घर पाडताना त्याच्याबरोबर जे जाऊ नये, तेही जात आहे. वर्गात मी 'माजघर' आणि 'देवडी' यांचे अर्थ विचारले तेव्हा चाळीस मुलांत चार हात वर आले. शब्द गेला की वस्तू होती हेही विसरले जाते. घर पाडताना माळ्यावरच्या पेटीतील मोडी आणि फारसी कागद रद्दीत जातात. मेणवलीच्या वाड्यातील नाना फडणिसांचे दप्तर साताऱ्याचे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी उजेडात आणले, म्हणून मराठेशाहीच्या इतिहासाला मोठा आधार मिळाला. आपल्या पेटीत एखादी सनद, एखादे खरेदीखत, एखादी काझीची नोंद असेल. त्यात आपल्या समाजाचा या भूमीवरील वास लिहिलेला असतो. तो कागद चार रुपये किलोने विकू नका.

विद्यार्थ्यांना माझे एक काम आहे. येत्या सुट्टीत आपल्या गल्लीतील सर्वांत जुने घर निवडा. टेप घेऊन चौक मोजा, खण मोजा, कागदावर आराखडा काढा. आजी-आजोबांना प्रत्येक भागाचे नाव विचारून लिहा. आड कोणी खोदला, त्यावर कोण पाणी भरी आणि कोणाला भरू देत नसत, हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना लाज वाटली तरी ते लिहा. पालकांनीही नवे घर बांधताना किंवा फ्लॅट घेताना जुन्या वाड्याचा शेजारधर्म बरोबर न्यावा. चौक नेता येत नसेल, पण शेजाऱ्याच्या घरी मयत झाली असता चूल पेटविणे नेता येते. मुलीच्या शाळेची वाट मोकळी ठेवणे, हे तर आपल्या हातातच आहे.