तळटीप २३ : घुंगरांचा आवाज आणि सेव्हरिनची दिवास्वप्ने

२३. लुई बुन्युएल यांचा 'बेल द जूर' (१९६७). जोसेफ केसेल यांच्या १९२८च्या कादंबरीवर आधारित. पटकथा बुन्युएल आणि जाँ-क्लोद कारिएर यांची (पीटर ब्रुक यांच्या 'महाभारत' नाटकाचे लेखक ते हेच). त्या वर्षी व्हेनिसला सुवर्णसिंह मिळाला. घोडागाडीच्या घुंगरांचा आवाज आला की सेव्हरिनचे (कॅथरीन दनव्ह) दिवास्वप्न सुरू झाले असे समजावे, असे लेखकाने येथे म्हटले आहे. सुरुवातीच्या प्रसंगाला हे लागू पडते. पुढे मात्र मादाम अनाइसच्या कोठीवर आलेले आशियाई गिऱ्हाईकही हातातली छोटी घंटी वाजवते, आणि तो प्रसंग बहुतेक समीक्षक खराच मानतात. त्याच गिऱ्हाइकाच्या डबीतून गुणगुण ऐकू येते. आत काय आहे ते प्रेक्षकाला शेवटपर्यंत दिसत नाही. शेवटी तर सेव्हरिनचा पंगू झालेला नवरा पिएर चाकांच्या खुर्चीतून सहज उठतो, घुंगरे वाजतात आणि खालून रिकामी गाडी जाते. हे स्वप्न की वास्तव, याचा निवाडा करायला बुन्युएल एकही पुरावा हाती ठेवत नाहीत. चित्रपटाला पार्श्वसंगीत नसल्यामुळे हे आवाज कानात अधिकच ठसतात, हा मुद्दा लेखकाकडून निसटला आहे. घुंगरांना खुणेची पाटी मानणे आम्हाला पटत नाही. वाचकांनी पान ८७वरील तक्ता त्या बेतानेच वाचावा. — संपा.