भांड्याचं फडकं आणि डीनची खुर्ची



अमेरिकेतल्या विद्यापीठात 'स्कूल' म्हणजे लहान मुलांची शाळा नव्हे. विद्यापीठाच्या आतल्या मोठ्या विभागाला तिथे स्कूल किंवा कॉलेज म्हणतात. शेतीचं वेगळं, कायद्याचं वेगळं. त्याच्या प्रमुखाला डीन म्हणतात. काय शिकवायचं, कुणाला नेमायचं, पैसा कुठे लावायचा, यात डीनचा शब्द मोठा असतो. आज आपण अशा एका स्कूलचा इतिहास ऐकूया, जे बायकांनी उभं केलं आणि साठ वर्षं बायकांनीच चालवलं.

न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचं गाव आहे. तिथे 1865 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची स्थापना झाली. शेतकऱ्यांना घरबसल्या नवी माहिती मिळावी म्हणून विद्यापीठ छापील पत्रकं पाठवत असे. माती, खत, गुरं, सगळं त्यात असायचं. त्याच शेतात आणि घरात राबणाऱ्या बाईसाठी मात्र काही नव्हतं. ही उणीव भरून काढायला लिबर्टी हाइड बेली या प्राध्यापकांनी 1900 मध्ये मार्था व्हॅन रेन्सलर यांना बोलावलं. मार्थाबाई आधी आपल्या जिल्ह्यात शाळांच्या अधिकारी होत्या. गावोगाव फिरताना शेतकऱ्यांची घरं त्यांनी आतून पाहिली होती.

त्यांनी काढलेल्या पहिल्या पत्रकाचा विषय होता पावलं वाचवणं. घरात बाईची किती चाल होते, पाणी किती लांबून आणावं लागतं, ओटा आणि चूल कुठे असली तर पाठ कमी दुखेल, असा साधा विचार. पत्रकासोबत प्रश्न असायचे. बायका उत्तरं लिहून पाठवायच्या आणि सोबत आपल्या अडचणीही. हळूहळू गावागावांत बायकांची अभ्यासमंडळं निघाली. महिन्याच्या बैठकीत एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी चर्चा करायची, ही पद्धत आपल्या बचत गटांना काही परकी वाटणार नाही.

विद्यापीठाच्या आत मात्र वाट सोपी नव्हती. एक किस्सा तिथे अजून सांगतात. भांडी पुसायच्या फडक्यातल्या जंतूंबद्दल बायकांना शास्त्रीय माहिती द्यावी म्हणून मार्थाबाई एका प्राध्यापकांकडे गेल्या. ते म्हणाले, बायकांना जंतू कशाला शिकवता? फडकं स्वच्छ असलं की बरं दिसतं, एवढं सांगा. यात सगळं आलं. बाईने स्वच्छता पाळावी, पण ती का पाळायची हे तिने विचारू नये. मार्थाबाईंना नेमकं ते 'का' शिकवायचं होतं.

1907 मध्ये गृहशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला आणि फ्लोरा रोझ तिथे आल्या. त्यांचा विषय आहारशास्त्र. मार्थाबाई संघटनेत आणि सरकारकडून पैसा मिळवण्यात तरबेज, तर फ्लोराबाई अभ्यासात आणि शिकवण्यात. दोघींनी मिळून प्रमुखपद सांभाळलं. एका खुर्चीवर दोघी बसल्या म्हणून काम अडलं नाही, उलट वाढलं.

1911 मध्ये दोघींना पूर्ण प्राध्यापकपद मिळालं. कॉर्नेलमध्ये हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या बायका. तेव्हा प्राध्यापकांच्या सभेने केलेल्या ठरावाचा आशय असा होता की, एरवी बायकांना प्राध्यापक करणं आम्हाला पसंत नाही, पण गृहशास्त्रापुरती आमची हरकत नाही. म्हणजे दार उघडलं, पण फक्त स्वयंपाकघराच्या बाजूचं! त्या दारातून दोघी आत गेल्या. 1919 मध्ये विभागाचं स्कूल झालं आणि 1925 मध्ये राज्याचं कॉलेज.

या शिक्षणाचा उपयोग पुढे मंदीत दिसला. लाखो लोक बेकार होते. फ्लोराबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी पैशात पोषण देणारी जेवणं आखली. 1933 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी असंच साडेसात सेंटचं जेवण व्हाइट हाउसमध्ये वाढलं. कडक उकडलेली अंडी टोमॅटोच्या रश्शात, कुस्करलेले बटाटे आणि सुक्या आलुबुखारचा गोड पदार्थ. फडक्याच्या प्रश्नापासून निघालेली विद्या देशाच्या ताटापर्यंत पोचली होती.

मार्थाबाई 1932 मध्ये वारल्या. फ्लोराबाईंनी 1940 पर्यंत कॉलेज सांभाळलं. त्यांच्यानंतर सारा ब्लँडिंग आल्या. त्या पुढे व्हासार कॉलेजच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. शास्त्र शिकलेल्या अनेक हुशार बायकांना इतर विभागांत जागा मिळत नसे, म्हणून त्यांना गृहशास्त्रात यावं लागे. मुलींना बालसंगोपन शिकवण्यासाठी अनाथ तान्ही बाळं आणली जात आणि विद्यार्थिनी आळीपाळीने त्यांची 'आई' होत. आज हे ऐकून पोटात कालवतं.

शेवटी 1968 मध्ये या कॉलेजला पहिला पुरुष डीन मिळाला. पुढच्याच वर्षी नाव बदललं. 'गृह' शब्द गेला आणि 'मानव परिसरशास्त्र' असं नाव आलं. विषय रुंद झाले, मुलगेही शिकायला आले, हे चांगलंच. पण एक गोष्ट आम्हाला खटकते. घराचा अभ्यास हलका समजला जात होता, तोवर खुर्ची बाईची होती. त्याला वजन आलं तेव्हा ती पुरुषाकडे गेली.

म्हणून आम्हाला वाटतं, आपल्या कामाला प्रतिष्ठा मिळवणं ही अर्धीच लढाई आहे. पापड, मसाला, शिवण यांचा धंदा वाढला, कर्ज मोठं झालं, की हिशेबाची वही आणि सहीचा अधिकार कुणाकडे जातो, हे आपल्यालाच पाहायला हवं. मार्थाबाई आणि फ्लोराबाईंनी काम उभं केलं आणि खुर्चीही धरून ठेवली. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक प्रश्न जरूर घ्या: आपल्या गटात निर्णय कोण घेतं, आणि काम दुप्पट झाल्यावर कोण घेईल?