गॅसला वास कुठून आला?

आपल्या गटातल्या बहुतेक घरांत आता गॅसची टाकी आहे. काही गावांत पाइपचा गॅसही येऊ लागलाय. गॅस सुटला की येणारा उग्र वास आपण सगळ्या ओळखतो. पण तो वास गॅसचा स्वतःचा नव्हे, तो मुद्दाम मिसळलेला असतो. तो का मिसळतात, हे आज आम्ही सांगणार आहोत.

अमेरिकेत टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचं गाव आहे. आजूबाजूला तेलाच्या विहिरी, त्यामुळे गावात पैसा आला आणि मोठी पक्की शाळा उभी राहिली. १९३७ च्या सुरुवातीला शाळेने गॅसचा खर्च वाचवायचं ठरवलं. एका तेल कंपनीच्या पाइपातून उरलासुरला गॅस जायचा. त्या पाइपाला जोड देऊन शाळेने तो फुकटात घेतला. त्या भागात बरेच जण तसं करत. महिन्याला सुमारे ३०० डॉलर वाचू लागले.

पण गॅस गळत होता. तो शाळेच्या जमिनीखालच्या पोकळीत साठत गेला. त्याला ना रंग, ना वास. मुलांची डोकी दुखायची, पण त्याचा संबंध गॅसशी असेल असं कुणाला वाटलं नाही.

१८ मार्च १९३७, दुपारची वेळ. शाळा सुटायला काही मिनिटं होती. शेजारच्या इमारतीत पालकांची सभा चालू होती. सुतारकामाच्या वर्गात शिक्षकांनी यंत्र चालू केलं, ठिणगी पडली आणि अख्खी इमारत कोसळली. सुमारे ३०० मुलं आणि शिक्षक गेले. सभेला आलेल्या आया आपापली लेकरं शोधायला धावल्या.

त्याच वर्षी टेक्सासने कायदा केला, की गॅसमध्ये वास मिसळलाच पाहिजे. पुढे ही पद्धत जगभर गेली. आपल्या टाकीतही मरकॅप्टन नावाचं, सडक्या कोबीसारखा वास येणारं रसायन थोडंसं घातलेलं असतं.

पण सख्यांनो, वास येतो तो गॅस सुटल्यावर. शिवाय सर्दी झाली असेल, किंवा बराच वेळ त्याच वासात बसलो, तर नाकाला तो कळत नाही. म्हणून खरी राखण आधीच करायची असते. नवी पाइपलाइन बसवली की गॅस सोडण्याआधी तिच्यात हवा भरतात आणि दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा बघतात. ठरलेल्या वेळेत काटा खाली आला, तर कुठेतरी गळती आहे. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावतात. बुडबुडे आले, की गळती तिथेच. पूर्वी काही लोक पेटती काडी धरून गळती शोधायचे. तसं कधीही करू नका.

टाकी बदलल्यावरही रेग्युलेटर आणि नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बघा. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. वास आला तर रेग्युलेटर किंवा कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा, काडी ओढू नका. दिव्याचं बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. बाहेर येऊन मग फोन करा. टाकीसाठी नंबर १९०६. पाइपच्या गॅससाठी कंपनीचा नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवा.

गॅस जोडायला माणसं येतात, घरच्या पुरुषाशी बोलतात, कागदावर सही घेतात आणि जातात. चुलीशी दिवसभर असतो आपण. म्हणून आपणही तिथे उभं राहायचं. काटा दाखवा म्हणायचं, साबणाचं पाणी लावून दाखवा म्हणायचं. सही त्यानंतर. न्यू लंडनच्या आयांना हे विचारायची संधीच मिळाली नाही. आपल्याला आहे.